हवा मोजणारी तार

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या टेंब्यांच्या घरात माणसं चार आणि गाडीला सीटा दोन. यावर पाऱ्यातल्या, म्हणजे त्या मोहल्ल्यातल्या, प्रत्येकानं एकदा तरी विनोद करून घेतला आहे. मीनल टेंबे प्रत्येक वेळी हसते. जणू पहिल्यांदाच ऐकते आहे.

गाडी स्पोर्ट्‌स कार आहे. जपानी, पिवळी, पोट जमिनीला टेकेल इतकी खाली. ती सुरू झाली की गल्लीतल्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. मीनल ती सुती साडीत चालवते, आणि अनवाणी. चपला काढून सीटमागे ठेवते. पायाला पेडल कळलं पाहिजे, म्हणते.

ईरानं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. टेंब्यांपासून दोन घरं सोडून ती राहते. साहित्य शिकणाऱ्यांना वाटतं की आपल्याला माणसं कळतात. ईरालाही वाटायचं. मीनलदीदी तिला कळेना. म्हणून ती त्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागली. एम.ए. संपलं, नोकरीचं काही जमेना, ओटा मात्र सुटला नाही.

मीनल वीज मंडळात आहे. तक्रारीच्या खिडकीवर. सकाळपासून लोक येतात ते चिडूनच येतात. कोणी बिल नाचवतं, कोणी टेबलावर हात आपटतं. एकदा ईरा काही कामानं तिथं गेली होती. एक आडदांड माणूस खिडकीत तोंड घालून ओरडत होता. मीनलनं त्याला पाण्याचा ग्लास दिला. मग विचारलं, "कब से?"

"क्या कब से?"

"हे जे होऊन राहिलं, ते कधीपासून?"

माणूस विचारात पडला. आवाज खाली आला. "होली के बाद से, मैडम."

"होळीला घरात काय नवीन आलं?"

नवीन एसी आला होता. माणूस हात जोडून गेला. ईरा बघत राहिली. नंतर मीनल म्हणाली, "काय झालं हे सगळेच सांगतात गं. कधीपासून, ते कोणी सांगत नाही. आपण विचारावं लागतं."

गाडी सिलतऱ्याची, म्हणजे शहराबाहेरच्या कारखान्यांच्या वस्तीतली. मीनलचा नवरा पुष्कर तिथल्या एका कारखान्यात आहे. मालकाचा मुलगा परदेशी गेला आणि त्याची गाडी आवारात ताडपत्रीखाली पडून राहिली. सिलतऱ्यात धुराड्यांचा काळा भुगा उडतो. तो ताडपत्रीतूनही आत गेला होता. पुष्करनं सहज घरी सांगितलं, आणि मीनल पुढच्या रविवारी बघायला गेली. गाडीचा रंग कुणालाच आठवत नव्हता. धुवायला घेतली तेव्हा पहिलं पाणी काळं निघालं. दुसरंही. मग मीनलनं साडीचा पदर खोचला आणि घासायला बसली, तेव्हा पिवळा निघाला.

"ही मी घेते," ती म्हणाली. पुष्करला वाटलं, थट्टा करून राहिली.

चार वर्षं झाली. ती गाडी घेऊन मीनल ऑफिसला जाते, नव्या रायपूरच्या मोकळ्या रस्त्यांवर जाते, कधी नुसतीच जाते. परत येते तेव्हा तिचा चेहरा झोप झाल्यासारखा असतो.

यंदा दसऱ्यानंतर गाडी बिघडली.

सुरुवातीला नुसती कुरकुर होती. उभ्या जागी इंजिनाचा आवाज वर जायचा, खाली यायचा. हळू चालवताना गचके बसायचे. मग सिग्नलला बंद पडू लागली. आणि धनत्रयोदशीला सदर बाजारात बंद पडली. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. सरलाबाई टेंबे. जोडवी घ्यायला निघालेल्या.

धनत्रयोदशीचा सदर बाजार. मागं शंभर स्कूटर. सगळ्यांचे हॉर्न एकदम. सराफांच्या दुकानांतून माणसं पायरीवर आली. त्यांच्यातले निम्मे टेंब्यांना ओळखणारे, कारण नीलकंठराव टेंब्यांचं दुकान त्याच रस्त्यावर होतं. सराफांचे काटे दुरुस्त करण्यात त्यांचा सगळा जन्म गेला. इलेक्ट्रॉनिक काटे आले तसं त्यांनी दुकान बंद केलं. तर त्यांची सून अनवाणी गाडी ढकलते आहे आणि बायको आत बसून तोंडावर पदर घेते आहे, हे सदर बाजारानं पाहिलं. दोन पोरं मदतीला आली. एकानं विचारलंही, "दीदी, पेट्रोल डलवाया था ना?"

घरी आल्यावर सरलाबाई एवढंच बोलल्या, "मी पुन्हा त्या डबड्यात बसायची नाही."

नीलकंठराव मात्र बोलले. दिवाळीभर बोलले. भाऊबीज झाल्यावर त्यांनी भिलाईहून एक गिऱ्हाईकही शोधून काढलं. प्रशिक नावाचा तरुण. जुन्या गाड्यांचा शौकीन. "भला पोट्टा आहे. रविवारी येतो म्हणतो. गाडी त्याच्याकडे नीट राहील."

मीनल जेवत होती. तिनं घास खाली ठेवला नाही. "ठीक आहे बाबा. रविवारी सकाळपर्यंत मी दुरुस्त केली नाही, तर देऊन टाका."

"दुरुस्त झाली तर?"

"तर सदर बाजारातून फिरवून आणीन. न थांबता. आली तर राहील."

"आणि मध्येच बसली तर?"

"तर प्रशिकले तिथूनच घेऊन जाऊ द्या."

पुष्करनं तिच्याकडे पाहिलं. ती काही शब्दावरून मागं हटणारी नव्हती. त्याला ते माहीत होतं, म्हणून तो काळजीत पडला.

गाडी दोन मेकॅनिकांना दाखवून झाली होती. एक म्हणाला पेट्रोलचा पंप. दुसरा म्हणाला, सेन्सर बदला, पण या मॉडेलचा बाहेरून मागवावा लागेल, दोन महिने धरा. मीनलनं दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं. तिच्याकडे रविवारपर्यंतचाच वेळ होता.

शुक्रवारी संध्याकाळी ईरा आली तेव्हा मीनल ओट्यावर बसली होती. मोबाईलवर कुठल्याशा देशातला दाढीवाला माणूस इंजिनात हात घालून बोलत होता.

"ईरा, हा काय म्हणून राहिला सांग बरं. माझं इंग्लिश बिलापुरतं आहे."

ईरानं ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग तिचीच नजर अडकली. "मीनलदीदी, हा म्हणतो, इंजिनात हवा मोजणारी एक तार असते. केसाएवढी. ती तापलेली असते. हवा आली की गार पडते. जितकी हवा, तितकी गार. त्यावरून गाडीला कळतं, पेट्रोल किती द्यायचं."

"आणि तारेवर घाण बसली तर?"

"तर तिला हवा नीट जाणवत नाही. वाटतं, हवा कमीच आली. पेट्रोल कमी सुटतं. गाडी अडखळते."

ईराला पाच वर्षांच्या अभ्यासात इतकी सुंदर गोष्ट भेटली नव्हती. वारा मोजणारी तार. तीही बॉनेटच्या आत, अंधारात. ती तसं म्हणालीही.

"सुंदर असू दे," मीनल म्हणाली. "घाण कुठून आली? इकडे बस. माझ्यासमोर. तू गाडी."

"मी?"

"हव. मी खिडकीवर. सांगा मॅडम, कधीपासून?"

ईरा हसली. पण मीनल हसत नव्हती. मग ईरानंही आठवून पाहिलं. "दसऱ्यानंतर."

"दसऱ्याच्या आधी ठीक?"

"एकदम ठीक. तुम्ही मला भाटागावपर्यंत सोडलं होतं."

"दसऱ्याला काय झालं?"

"पूजा झाली. आदल्या दिवशी, खांडेनवमीला, टेंबे आजोबांनी सगळी हत्यारं पुसली. पक्कड, कानशी, तुमची शिलाई मशीन, स्कूटर. सगळ्याला तेल..."

ईरा थांबली.

आतून नीलकंठरावांच्या खोकल्याचा आवाज आला. मग टीव्हीचा.

"एअर फिल्टरही त्यांनीच धुतला होता," मीनल हळूच म्हणाली. "मी बाटली आणून ठेवली होती. त्या फिल्टरला थोडं तेल लागतंच. मी ऑफिसला गेले, आल्यावर पाहिलं तर बसवूनसुद्धा झाला होता."

"सांगणार आहात?"

"अगोदर उघडून पाहू. न पाहता कोणाचं नाव कशाले घ्यायचं?"

रात्रीच जादा पैसे भरून मागवलेला स्प्रे शनिवारी सकाळी कुरिअरनं आला. खास त्याच तारेचा. शारदा चौकाजवळच्या दुकानदारानं दुसरा एक दिला होता, सगळ्याला चालतो म्हणून. तो मीनलनं परत केला. सगळ्याला चालणारं औषध मी माणसांनाही देत नाही, म्हणाली.

दुपारी तिनं गाडी अंगणात घेतली. इंजिन निवू दिलं. बॅटरीची तार सोडली. बॉनेट उघडं, खाली जुनं वर्तमानपत्र, ईराच्या हातात टॉर्च. नीलकंठराव वामकुक्षी टाकून बाहेर आले आणि स्टूल ओढून बसले. गाडी विकायला निघालेला माणूस तिच्या इतक्या जवळ का बसला, हे ईराला समजलं नाही.

मीनलनं फिल्टरचा डबा उघडला. फिल्टर काढून वर्तमानपत्रावर ठेवला.

कागदावर तेल पसरलं. हळूहळू. आधी बातमी गेली, मग शेजारची जाहिरात, मग पान पारदर्शक झालं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून सरलाबाईंचा आवाज आला. "सापडलं का काही? का नुसतं उघडून बसली?"

ईराला वाटलं, आता काय बोलेल ही? तिनं स्वतः दोन वाक्यं मनात जुळवून पाहिली. एकात खोटं होतं, दुसरं दुष्ट होतं.

"सापडलं आई," मीनल म्हणाली. "फिल्टरला तेल जास्त झालं. हवेबरोबर आत गेलं, सेन्सरवर बसलं."

नीलकंठराव पुढं वाकले. कागदाकडे पाहिलं. "किती टाकायचं होतं?"

"पाव बाटली बाबा."

"मी तं पूर्ण टाकली."

कावळा ओरडला. नीलकंठराव टोपीशी चाळा करत म्हणाले, "ते सिलतऱ्याचं काळं... गच्चीवर पाय ठेवला तरी तळवा काळा होतो. मले वाटलं, तेल जास्त असलं तर धूळ आत शिरणार नाही. वर्षाची पूजा. हात कसा आखडू?"

मीनलनं फिल्टर उचलून उलटा केला. त्याच्या आतली बाजू त्यांना दाखवली. "तुमचं बरोबर निघालं बाबा. पाहा. काळ्याचा एक कण आत नाही. तेल तेवढं गेलं."

नीलकंठरावांनी बोट फिरवून पाहिलं. खरंच काळं नव्हतं.

"कोणी टाकलं होतं एवढं तेल?" खिडकीतून पुन्हा आवाज. सरलाबाई काही सोडणाऱ्या नव्हत्या.

नीलकंठरावांनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी मीनल बोलली. "बाटली मी आणून ठेवली आई. किती टाकायचं ते सांगायचं राहिलं माझं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. रविवार उद्यावर आला होता, गाडी जायची होती, आणि मीनलनं सापडलेल्या चुकीतला आपला वाटा आधी उचलला. तोही घासाघीस न करता. ईरानं पुस्तकांतून थोर माणसं पाहिली होती. ती अशी गुडघ्यावर बसलेली, कोपराला ग्रीस लागलेली नव्हती.

सेन्सर म्हणजे काळ्या प्लॅस्टिकचा अंगठ्याएवढा तुकडा. मीनलनं त्याचा प्लग सोडला, दोन स्क्रू काढले आणि तो अलगद बाहेर ओढला. त्याला एक छोटी खिडकी होती. आत, टॉर्च धरल्यावर, दोन केस दिसले. त्या तारा.

"तुटली तर?" ईरानं विचारलं.

"तर दोन महिने. म्हणजे भिलाई."

नीलकंठराव उठून घरात गेले. परतले तेव्हा त्यांच्या एका हातात डोळ्याला लावायचं भिंग होतं आणि दुसऱ्या हातात मऊ केसांचा ब्रश. "हा घे. सराफांच्या पारड्यावरून धूळ काढायचा. याच्यानं सोन्याचा कण हलत नाही." आणि ते स्वतःच ब्रश खिडकीजवळ नेऊ लागले.

"बाबा!"

ब्रश हवेत थांबला. ईरानं डोळे मिटून घेतले होते.

"स्पर्श नाही करायचा तिला," मीनल म्हणाली. आवाज चढला नव्हता. "ब्रशनंही नाही, कापसानंही नाही. फुंकायचंसुद्धा नाही. फक्त लांबून स्प्रे."

"इतकी नाजूक?"

"तुमच्या काट्याची दांडी जिच्यावर डोलते, त्या धारेपेक्षा."

नीलकंठराव खुलले. ईरानं ते स्पष्ट पाहिलं. त्यांनी ब्रश खिशात ठेवला. "काट्याच्या धारेले मी कधी तेल लावलं नाही. लावलं की धूळ चिकटते, काटा खोटं बोलतो. सराफ बोंबलतो, गिऱ्हाईक बोंबलतं." मग स्वतःशीच म्हणाले, "आणि इथं अख्खी बाटली ओतली म्या."

"भिंग लावा ना बाबा. मले तर काही दिसून नाही राहिलं. साफ झालं का ते तुम्हीच सांगा."

त्यांनी भिंग डोळ्यात बसवलं. मीनलनं सेन्सर त्यांच्यासमोर धरला. "चॉकलेटी," ते म्हणाले. "जिलेबीच्या पाकासारखं चिकटलं आहे."

मीनलनं लांब धरून स्प्रे मारला. थेंब गळाले. वास नाकात गेला. सगळे थांबले.

"आता?"

"डावी गोरी झाली. उजवीवर आहे अजून."

पुन्हा स्प्रे. पुन्हा भिंग. असं ते दोघं करत राहिले, सून मारायची, सासरा पाहायचा, आणि दोघंही इतक्या कमी शब्दांत बोलत होते की ईराला वाटलं, हे बरीच वर्षं एका दुकानात बसलेले आहेत. शेवटी नीलकंठराव बराच वेळ पाहत राहिले. भिंग काढलं. डोळा पुसला.

"चमकली," ते म्हणाले.

वाळायला सेन्सर स्टीलच्या ताटात ठेवला. सरलाबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "हे माझं नैवेद्याचं ताट! काय ठेवलं आहे त्यात?"

"गाडीचं नाक," नीलकंठराव म्हणाले. "हात नको लावू. फुंकूही नको."

"फुंकून तर तुम्हीच सगळं बिघडवता." तरी चहाचे कप ताटापासून लांब ठेवले गेले.

दरम्यान मीनलनं नळी पुसली. फिल्टर धुऊन उन्हात ठेवला होता. तो वाळला तेव्हा तेलाची नवी बाटली तिनं नीलकंठरावांच्या हाती दिली.

"मी?"

"खांडेनवमी तुमचीच. पाव बाटली."

त्यांनी थेंब थेंब टाकलं. सोनं तोलावं तसं. ईराला हसू आलं, आणि मग आलं नाही.

उन्हं कलली तेव्हा मीनलनं सगळं जागेवर बसवलं, बॅटरीची तार जोडली आणि किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. आवाज थोडा वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. मीनलच्या कपाळावर आठी आली. मग आवाज एका जागी बसला. तिथंच राहिला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अंगणात सुरू होणं सोपं होतं. सदर बाजार उद्या होता.

रविवारी सकाळी मीनल न्हाऊन, वेणी घालून सासूबाईंसमोर उभी राहिली. "आई, चला."

"मी? मेले तरी नाही."

"तुम्ही बसलेल्या असताना बंद पडली होती. तुम्ही बसलेल्या असतानाच चालली पाहिजे. नाहीतर बाजार म्हणेल, टेंबीणबाई भ्यायल्या."

"पुष्करले ने."

"तो म्हणतो मी ढकलायला मागून येतो."

सरलाबाई आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा दिवाळीची जांभळी साडी नेसल्या होत्या. "ढकलायची पाळी आली तर लोकांना साडी तरी बरी दिसू दे," म्हणाल्या आणि वाकून, कण्हत, त्या डबड्यात शिरल्या. मीनलनं चपला काढल्या. गाडी गल्लीच्या वळणावर गेली आणि दिसेनाशी झाली.

ओट्यावर ईरा आणि नीलकंठराव राहिले. पुष्कर स्कूटर घेऊन खरंच मागं गेला होता.

नीलकंठरावांच्या हातात मोबाईल होता. प्रशिक भिलाईहून निघाला होता. वाटेतल्या कुम्हारीपर्यंत पोचल्याचा फोन येऊन गेला होता. ते रस्त्याकडे कान लावून होते. दूरवर बस गेली. एक बुलेट गेली. त्या प्रत्येक वेळी ते अर्धे उठले.

"आजोबा, चालेल ती."

"चालेल. साफ मी पाहिली ना." मग थोड्या वेळानं, "नाही चालली तर मी त्या पोट्ट्याले सांगीन. गाडीत खोट नाही, खोट माझी. भाव पाडू नको म्हणीन. आणि तिला सांगायचं काय, ते काही सुचून नाही राहिलं."

एम.ए. करून काही उपयोग नाही, असं ईराला त्या क्षणी मनापासून वाटलं.

मग काचा थरथरल्या.

गाडी वळणावरून आली. पिवळी, खाली, एकसारखा आवाज. नीलकंठराव फाटक उघडायला धावले. पण गाडी फाटकाशी आली आणि थांबली नाही. मीनल समोर पाहत होती. शेजारच्या सीटच्या खिडकीतून सरलाबाई अर्ध्या बाहेर आल्या होत्या. अंबाडा सुटला होता, पदर उडत होता.

"अहो!" त्या ओरडल्या. "गॅसवर वरण आहे! गॅस बंद करा!"

"अगं थांबता काहून नाही?"

"पंडरीला जाऊन राहिलो, कापडबाजारात!"

आणि गाडी गेली. मागून पुष्कर स्कूटरवर आला, हातानं काहीतरी खूण केली आणि त्यांच्या पाठीमागे तोही गेला.

नीलकंठराव फाटक धरून उभे राहिले. मग झपाझप आत गेले. ईराला बटण फिरवल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ त्यांचा फोनवरचा आवाज.

"हाँ, प्रशिक बेटा? वापस लौट जाओ. गाड़ी नहीं बिकेगी. मेरी घरवाली उसमें बैठ के निकल गई है."